रेडिएशननंतर घास उतरत नसेल तर काय करायचं

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपलं की घरच्यांना वाटतं सुटलो, पण पेशंट ताटासमोर बसला की कळतं, लाळ आटलेली, घशाचे स्नायू ताठरलेले, घास तोंडातच घोळत राहतो. हा त्रास कधीकधी काही वर्षांनी सुद्धा वाढतो, त्यामुळे "आता काय उपयोग" म्हणून सोडून देऊ नका.

आधी स्पीच थेरपिस्टला दाखवा, गिळण्याचा त्रास तेच बघतात. जमलं तर रेडिएशन सुरू व्हायच्या आधीच जा. दुर्बिणीतून किंवा बेरियम (एक्सरेत उठून दिसणारं औषध) देऊन एक्सरेखाली घास नक्की कुठे अडतोय, श्वासनलिकेत जातोय का ते दिसतं.

आपल्याकडे सगळे सांगतात पातळ पातळ द्या. पण बऱ्याच जणांना साधं पाणीच सगळ्यात अवघड जातं कारण ते भसकन खाली जातं आणि घशाला सावरायला वेळच मिळत नाही. किती दाट द्यायचं ते तपासणीवरून ठरवा. दाट चालत असेल तर नाचणीचं सत्व, मिक्सरमधून काढलेली मुगाची खिचडी, वर तूप. पातळ आमटीत भाताची शितं किंवा दुधात पोहे असं मिश्र नको, त्यात हमखास ठसका लागतो.

जेवताना ताठ बसायचं, टीव्ही बंद, चमचा छोटा, एका घासाला दोनदा गिळायचं. हनुवटी खाली करून गिळणं सगळ्यांना चालत नाही, थेरपिस्टने सांगितलं तरच. जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आणि तोंड अगदी स्वच्छ ठेवा, कारण चुकून लाळ फुफ्फुसात गेली तर तोंडातले जंतूही सोबत जातात.

व्यायाम थेरपिस्टकडूनच शिकून घ्या. एक असा, जिभेचं टोक दातांत हलकं धरून नुसता आवंढा गिळायचा, तोंडात अन्न नको, कोरडं पडलं तर आधी ओठ-जीभ ओली करा. तोंड उघडत नसेल तर आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरतात, हळूहळू एकेक वाढवतात, जबरदस्ती नाही.

नाकातून नळी असली तरी डॉक्टर हो म्हणत असतील तर थोडं थोडं गिळत राहा हो, वापरले नाहीत तर हे स्नायू आणखी कमजोर होतात.

ठसका लागत नाही म्हणजे सगळं ठीक असं धरू नका, रेडिएशनने घशाची जाणीवच कमी झालेली असू शकते. जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल, वजन उतरत असेल तर लवकर दाखवा, आणि ताप, दम असेल तर त्याच दिवशी.