शाकाहार, कवचफळे आणि हृदयाचे आरोग्य : संशोधन वाचताना आणि ताटात उतरवताना या चुका टाळा

अमेरिकेतील लोमा लिंडा विद्यापीठाचे संशोधक गॅरी फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातील सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या ३१ हजारांहून अधिक लोकांचा आहार आणि आरोग्य वर्षानुवर्षे नोंदवल्यावर असे आढळले, की आठवड्यातून चारपेक्षा अधिक वेळा बदाम, अक्रोड, शेंगदाणे यांसारखे पदार्थ खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण ते क्वचित खाणाऱ्यांच्या जवळपास निम्मे होते. तोवर हे पदार्थ चरबी वाढवणारे म्हणून हृदयरुग्णांना वर्ज्य सांगितले जात असत. त्यानंतरच्या तीन दशकांत या विषयावर भरपूर काम झाले आणि मूळ निष्कर्षाची दिशा बऱ्याच अंशी टिकून राहिली. तरीही ते संशोधन वाचताना आणि त्यानुसार आहार बदलताना लोक पुन्हा पुन्हा त्याच चुका करतात. त्यांतील बहुतेक चुकांच्या मुळाशी न विचारलेले दोन प्रश्न असतात : ही तुलना कोणाशी केली आहे, आणि हा पदार्थ कशाच्या जागी खाल्ला गेला आहे?

शब्दांपासूनच सुरू होणारी चूक

मराठीत आपण सरसकट 'सुकामेवा' म्हणतो आणि त्यात मनुका, खजूर, अंजीर, जर्दाळूही येतात. वर उल्लेखिलेले संशोधन मात्र कवचफळांविषयी आहे, म्हणजे बदाम, अक्रोड, पिस्ते, काजू, हेझलनट यांविषयी. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने शेंगदाणा हे कडधान्य असले, तरी त्यातील घटक कवचफळांशी मिळतेजुळते असल्यामुळे बहुतेक अभ्यासांत तोही त्यांच्यातच धरला जातो. सुकवलेल्या फळांत कवचफळांतला असंपृक्त स्निग्धांश, म्हणजे हृदयाला हितकर मानली जाणारी चरबी, जवळजवळ नसतो आणि नैसर्गिक साखर भरपूर असते. त्यामुळे 'सुकामेवा हृदयाला चांगला' एवढे वाचून मूठभर मनुका आणि चार खजूर खाणाऱ्याने त्या संशोधनातील पदार्थ खाल्लेलाच नसतो.

'शाकाहारी' या शब्दाचेही तसेच आहे. 'ॲडव्हेंटिस्ट हेल्थ स्टडी-२' या अमेरिका आणि कॅनडामधील पुढच्या अभ्यासाचे ७३ हजारांहून अधिक सहभागींवर आधारलेले निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले आणि 'शाकाहारी लोकांचा मृत्यूचा धोका १२ टक्क्यांनी कमी' असा मथळा सर्वत्र झळकला. त्या १२ टक्क्यांच्या गटात दूधही न घेणारे होते, दूध-अंडी घेणारे होते, मासे खाणारे होते आणि आठवड्यातून एकदाहून कमी वेळा मांस खाणारेही होते. हे उपगट वेगळे करून पाहिले, तर सर्वांत ठळक घट मासे खाणाऱ्यांमध्ये, सुमारे १९ टक्के, दिसते. दूधही वर्ज्य करणाऱ्यांमधील १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर निश्चित म्हणता येण्याइतकी भक्कम नव्हती. शाकाहाराच्या बाजूने बोलताना हा अभ्यास पुढे करणाऱ्यांनी हा तपशील लपवू नये, असे मला मनापासून वाटते. शाकाहाराची बाजू त्याशिवायही पुरेशी मजबूत आहे.

तुलना कोणाशी, हे न पाहणे

ॲडव्हेंटिस्ट समाजाची निवड संशोधकांनी विचारपूर्वक केली होती. या पंथात धूम्रपान आणि मद्यपान जवळपास नसते, त्यामुळे आहारातील फरकांचा परिणाम शोधणे सोपे जाते. मात्र त्या पंथातही मांस न खाणारे लोक सरासरीने सडपातळ आणि व्यायाम अधिक करणारे होते. संशोधक गणिताने हे फरक वजा करण्याचा प्रयत्न करतात, पण जे मोजलेच नाही ते वजा करता येत नाही. ब्रिटनमधील 'एपिक-ऑक्सफर्ड' या अभ्यासात शाकाहारी आणि मांसाहारी अशा दोन्ही गटांत आरोग्याविषयी जागरूक लोक मोठ्या संख्येने होते, आणि तेथे एकूण मृत्युदरात लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत, पण त्यांतील 'इतर' लोक सारखे नाहीत. ज्याच्याशी तुलना केली तो गट स्वतःच निरोगी असेल, तर फायद्याचा आकडा आपोआप लहान दिसतो.

टक्केवारीला भुलणे

स्पेनमधील 'प्रेडिमेड' चाचणीत हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या ७,४४७ लोकांना तीन गटांत विभागले होते. त्यांतील एका गटाला भूमध्यसागरी आहारासोबत (भाज्या, फळे, कडधान्ये, ऑलिव्ह तेल आणि मासे यांवर भर असलेला आहार) रोज ३० ग्रॅम कवचफळे दिली जात होती : १५ ग्रॅम अक्रोड आणि प्रत्येकी साडेसात ग्रॅम बदाम व हेझलनट. या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २८ टक्क्यांनी कमी आढळले. हाच निष्कर्ष दुसऱ्या पद्धतीने मांडला, तर सुमारे पाच वर्षांत तुलनेच्या गटातील ४.४ टक्के लोकांना आणि कवचफळांच्या गटातील ३.४ टक्के लोकांना असा त्रास झाला, म्हणजे शंभर लोकांमागे एका व्यक्तीचा फरक पडला. दोन्ही विधाने खरी आहेत, पण पहिले वाचून मनात जी अपेक्षा तयार होते, ती दुसरे वाचल्यावर जमिनीवर येते.

या चाचणीविषयी आणखी एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. २०१३ साली प्रसिद्ध झालेला तिचा अहवाल २०१८ साली मागे घेण्यात आला, कारण काही ठिकाणी सहभागींची गटविभागणी ठरल्याप्रमाणे चिठ्ठी टाकल्यासारखी झालेली नव्हती. एकाच घरातील माणसांना एकाच गटात घातले गेले होते, आणि एका केंद्रावर तर आख्ख्या दवाखान्यालाच एकच आहार ठरवून दिला गेला होता. आकडेवारी नव्याने तपासून अहवाल पुन्हा प्रसिद्ध झाला, तेव्हा निष्कर्ष जवळपास तेच राहिले, फक्त त्यांची भाषा अधिक सावध झाली. 'तो अभ्यास खोटा ठरला' असे सांगणे जितके चुकीचे, तितकेच त्या दुरुस्तीचा उल्लेखच न करणेही चुकीचे.

भर घालणे, पण काहीही न काढणे

आहारात होणाऱ्या चुकांपैकी ही सर्वांत मोठी, म्हणून तिच्यावर थोडे थांबायला हवे. अक्रोडांविषयीची पहिली गाजलेली चाचणी लोमा लिंडा येथेच जोन साबाते यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि १९९३ साली प्रसिद्ध झाली. १८ निरोगी पुरुषांना चार-चार आठवडे दोन वेगवेगळे आहार दिले गेले. दोन्ही आहारांत एकूण उष्मांक आणि एकूण स्निग्धांश सारखाच ठेवला होता. फरक इतकाच, की एका आहारात उष्मांकांचा पाचवा हिस्सा अक्रोडांतून येत होता आणि तेवढ्या प्रमाणात तेल, मार्गारीन, मांस यांसारखे इतर स्निग्ध पदार्थ कमी केले होते. अक्रोडांच्या आहारावर एकूण कोलेस्टेरॉल १२ टक्क्यांनी आणि एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणून ओळखले जाणारे, कोलेस्टेरॉल १६ टक्क्यांनी अधिक घटले. दर २,५०० उष्मांकांमागे ८४ ग्रॅम, म्हणजे भरपूर अक्रोड ते लोक खात होते. मात्र कोणीही ते नेहमीच्या जेवणावर वरून खात नव्हता.

घरी नेमके उलट होते. न्याहारी तीच राहते, चहासोबतचे बिस्किट तेच राहते, रात्रीचे तळणही तेच राहते, आणि या सगळ्यावर एक वाटी बदाम वाढतात. ३० ग्रॅम म्हणजे किती, हे एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलून पाहावे : साधारण २४ बदाम किंवा अक्रोडाचे १४-१५ अर्धे तुकडे. तोललेले ते दाणे छोट्या वाटीत ओतले, की ती अर्धीदेखील भरत नाही. पिशवीतून थेट खाणाऱ्याला मात्र या प्रमाणाची दुप्पट कधी संपली, हे कळतही नाही. म्हणून दिवसाचा वाटा आधी काढून ठेवावा आणि ज्या पदार्थाची जागा तो घेणार आहे, तो पदार्थ त्याच दिवशी ताटातून उतरवावा. बदाम बिस्किटाच्या जागी आले, तर दुहेरी लाभ होतो, फळाच्या किंवा डाळीच्या जागी आले, तर फारसा नाही.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे वजन वाढेल या भीतीने कवचफळे पूर्ण टाळणे. अमेरिकेच्या कृषी विभागातील संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले, की २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून शरीराला प्रत्यक्षात सुमारे १२९ उष्मांक मिळतात, तर कोष्टकानुसार ते १७०च्या आसपास असायला हवेत. बदामाच्या पेशींची भिंत चिवट असते. चावल्यानंतरही बऱ्याच पेशी न फुटता तशाच पुढे जातात आणि त्यांच्यातील स्निग्धांश शोषला जात नाही. बदाम वाटून त्याचे लोणी केले, की ही भिंत मोडते आणि जवळपास सर्व उष्मांक अंगी लागतात. त्यामुळे वजनाची काळजी असणाऱ्याने अख्खे दाणेच निवडावेत. मीठ किंवा साखर लावलेले प्रकार टाळावेत, हे वेगळे सांगायला नको.

जे कवचफळांत नाहीच, ते त्यांच्याकडून मागणे

मांस सोडून कवचफळे सुरू केली, की सर्व उणिवा भरून निघतात, हा समज धोकादायक आहे. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ कोणत्याही कवचफळात नसते. 'एपिक-ऑक्सफर्ड'मधील पुरुषांच्या रक्ततपासणीत दूध आणि अंडीही वर्ज्य करणाऱ्यांपैकी ५२ टक्के, तर दूध-अंडी घेणाऱ्या शाकाहारींपैकी ७ टक्के लोकांत बी-१२ची कमतरता आढळली होती. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने ही कमतरता उशिरा जाणवते, आणि फोलेट (पालेभाज्या व डाळींत असणारे दुसरे ब जीवनसत्त्व) भरपूर घेणाऱ्यांमध्ये रक्तक्षय झाकला जाऊन मज्जातंतूंचे नुकसान आत चालू राहू शकते. स्पिरुलिना या शेवाळासारख्या पूरक पदार्थामध्ये दाखवले जाणारे बी-१२ बहुतांशी शरीराला उपयोगी न पडणाऱ्या रूपात असते, म्हणून त्यावर विसंबू नये. पूरक गोळी किंवा बी-१२ घातलेले पदार्थ हाच खात्रीचा मार्ग आहे.

ओमेगा-३ची गोष्ट थोडी वेगळी आहे. अक्रोडात अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे वनस्पतींतील ओमेगा-३ भरपूर असते, पण बदाम, काजू आणि शेंगदाण्यात ते नगण्य असते. शिवाय माशांतून मिळणाऱ्या दीर्घ साखळीच्या ओमेगा-३मध्ये त्याचे रूपांतर शरीरात फारच थोडे होते.

'एपिक-ऑक्सफर्ड'मधीलच दोन निष्कर्ष शाकाहारी वाचकांनी टाळू नयेत. २०१९ साली असे आढळले, की शाकाहारींमध्ये हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी, पण पक्षाघात २० टक्क्यांनी जास्त होता, विशेषतः मेंदूत रक्तस्राव होऊन येणारा. हजार लोकांमागे दहा वर्षांत हृदयविकाराचे १० रुग्ण कमी आणि पक्षाघाताचे ३ रुग्ण जास्त, असा तो हिशेब होता. २०२० साली अस्थिभंगाविषयीची आकडेवारी आली, आणि दूधही न घेणाऱ्यांमध्ये खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण मांसाहारींच्या दुपटीहून अधिक दिसले. यामुळे शाकाहार सोडावा असे मुळीच नाही. कॅल्शियम, प्रथिने आणि बी-१२ यांच्याकडे मांस खाणाऱ्यापेक्षा अधिक जाणीवपूर्वक लक्ष द्यावे लागते, एवढे त्यातून समजते.

तीन महिन्यांनंतरही कोलेस्टेरॉल हलले नाही, तर

प्रथम प्रमाण तपासावे. २५ चाचण्यांचे २०१० साली झालेले एकत्रित विश्लेषण सांगते, की रोज सरासरी ६७ ग्रॅम कवचफळे खाल्ल्यावर एलडीएल सुमारे ७ टक्क्यांनी घटले. जितके प्रमाण अधिक, तितकी घट अधिक होती, आणि ज्यांचे एलडीएल मुळात जास्त होते किंवा जे सडपातळ होते, त्यांच्यात परिणाम ठळक होता. दिवसाला सहा बदाम खाऊन त्याच परिणामाची अपेक्षा ठेवता येत नाही. प्रमाण योग्य असेल, तर वर सांगितलेली अदलाबदल खरोखर झाली आहे का, ते पाहावे. वजन वाढले असेल, तर बहुधा ती झालेली नसते. अक्रोडांवरील अनेक चाचण्यांना 'कॅलिफोर्निया वॉलनट कमिशन' या उत्पादकांच्या संस्थेचा निधी मिळालेला आहे. त्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण जाहिरातीतील आकड्यांकडे सावधपणे पाहण्यास ते पुरेसे कारण आहे. त्याच निधीतून लोमा लिंडा आणि बार्सिलोना येथे ज्येष्ठ नागरिकांवर दोन वर्षे झालेल्या चाचणीत रोज अक्रोड खाणाऱ्यांचे एलडीएल सरासरी अवघे ४.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने घटले, आणि स्मरणशक्ती व बुद्धीच्या चाचण्यांत एकूण फरक दिसला नाही.

कोलेस्टेरॉलवरील औषध चालू असेल, तर ते आपल्या मनाने बंद करू नये. 'प्रेडिमेड'मधील अनेक सहभागी चाचणीच्या काळात अशी औषधे घेतच होते, आणि कवचफळांचा तेथे दिसलेला फायदा त्या औषधांच्या सोबतीने मिळालेला आहे.