सायकलच्या फ्रेमला तडा गेलाय की नुसता रंग फुटलाय, हे कसे ओळखावे

‘स्टील घ्या, जन्मभर टिकेल’ आणि ‘ॲल्युमिनियम गंजत नाही, बिनधास्त वापरा’ हे दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. स्टील गंजते, तेही बहुतेकदा आतून. ॲल्युमिनियमचा त्रास वेगळा. एका मर्यादेखालचे हादरे स्टील कितीही सोसते. ॲल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही, खड्ड्याखड्ड्याला ते थोडे थोडे थकत जाते. म्हणून फ्रेम कशाचीही असो, रोजची सायकल पावसाळा सरला की एकदा नीट तपासावी.

धुवा, पुसा, कोरडी करा. मग टॉर्च समोरून न मारता कडेने आडवी धरा आणि जोड बघा: हँडलच्या नळीमागे खालचा दांडा जुळतो तिथे, सीटखाली, पेडलच्या ॲक्सलभोवती आणि मागचे चाक बसते तिथे. रेघ जोडापासून लांब, नळीच्या मधल्या भागावर असेल तर बहुधा ओरखडा. वेल्डिंगच्या कडेने, जोडाला समांतर धावत असेल तर संशय घ्या.

खरी गोची इथून पुढे. ‘रॉकेल लावून खडू फासा, कळेल’ असे सगळे सांगतात. उपाय चांगला आहे, पण रंगावर करून उपयोग नाही. रंगाची भेगही रॉकेल पिते आणि खडूवर तशीच काळपट रेघ उमटवते. असल्या रेघेपायी धडधाकट फ्रेम भंगारात जाताना मी पाहिल्या आहेत. आधी तेवढ्या जागेचा रंग उतरवा, तोही पेंट रिमूव्हरने. पॉलिश पेपर जोर लावून घासाल तर मऊ ॲल्युमिनियम तड्यावर पसरते, तडा बुजतो आणि परीक्षा खोटी ठरते.

उघड्या धातूवर रॉकेल लावा, पंधरा-वीस मिनिटे मुरू द्या, कोरड्या फडक्याने लख्ख पुसा आणि खडूची बारीक पूड लावा. आता पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे रेटा. तडा असेल तर त्याचे ओठ उघडतात-मिटतात आणि आतले रॉकेल पांढऱ्या पुडीवर केसासारखी रेघ ओढते. शंका राहिली तर पुसून पुन्हा करा. ब्रेकच्या पट्ट्यांवर आणि रिमवर रॉकेल जाऊ देऊ नका.

कार्बनच्या फ्रेमला यातले काहीही करू नका. रिमूव्हर तर नाहीच, तो कार्बनचे धागे धरून ठेवणारे रेझिन खातो. नाण्याने हलके टकटक करा. टणक आवाज मध्येच बोदा झाला तर जाणकाराकडे न्या.

तडा निघाला तर? स्टीलची फ्रेम चांगला कारागीर ब्रेझिंग करून, म्हणजे पितळेसारखा धातू वितळवून, सांधून देतो. ॲल्युमिनियम मात्र नाक्यावर वेल्ड करून घेऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी. ६०६१ सारख्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद कारखान्यातल्या उष्णताप्रक्रियेतून येते. वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूचा भाग मऊ पडतो आणि नवा तडा शेजारीच जातो. ती फ्रेम बदला.

तडा नसेल तर उघड्या धातूला प्रायमर आणि रंग लावा. सीटचा पाइप काढलाच तर फ्रेम उलटी करून पाणी निथळू द्या. स्टीलच्या नळीत आतून अळशीचे तयार उकळलेले तेल (बॉइल्ड लिनसीड ऑइल) फिरवा, पाइपला ग्रीस लावा आणि पाइपवरची किमान खोलीची खूण नळीच्या आत जाईल एवढा तो खाली बसवा.