तालमीतल्या पोराला मॅटवर उतरवताना

कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबागसारख्या तालमीत जोर-बैठकांवर घडलेला पोरगा मॅटवरच्या कुस्तीत न्यायचा असेल, तर त्याची माती सोडवू नका. पहाटे फावड्यानं हौदा, म्हणजे कुस्तीची माती, उकरू द्या. त्यानं खांदा, कंबर आणि मनगट जसं तयार होतं, तसं मशिनवर होताना मी पाहिलेलं नाही. खाशाबा जाधव मातीतच घडले आणि १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून आले.

संध्याकाळी मात्र मॅट. मातीत चितपट होईपर्यंत अंदाज घेत राहायची सवय असते. इथं तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद विश्रांती. सरावही तसाच लावा, आणि घड्याळ पोराला दिसेल असं ठेवा.

मग पट. रोज एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव, काढून घ्या: गुडघा वाकलेला, पाठ सरळ, मान वर. आधी सावकाश, नंतर जोडीदार जोर लावत असताना. दोन्ही बाजूंनी, हे महत्त्वाचं.

वर्तुळाबाहेर ढकललं गेलं तरी एक गुण जातो, हे मातीतल्या पोरांच्या लवकर अंगवळणी पडत नाही. त्यांच्या लढती मुद्दाम कडेला लावा.

ढाक, कलाजंग या मातीतल्या डावांची सवय अजिबात मोडू नका. मॅटवर असा उचलून टाकलेला डाव चार गुण देऊन जातो.

खुराक तोच राहू द्या. वजनगटासाठी पोराला ऐनवेळी उपाशी ठेवू नका, महिनाभर आधीपासून वजन बघत चला.