‘तू खंयचो?’ : परग्रहाची गोष्ट लिहिताना स्वतःची भीती कशी शोधावी

मालवण-देवगड पट्ट्यातील एखाद्या गावात अनोळखी माणूस शिरला, की पाणंदीवर भेटणारा पहिलाच माणूस त्याला दोन प्रश्न विचारतो: ‘तू खंयचो?’ आणि ‘कोणाचो?’ गाव कळले, घराणे कळले, की विचारणाऱ्याचा आवाज मऊ होतो आणि आलेल्याला ओटीवर बसवून पाणी दिले जाते. उत्तर नीट मिळाले नाही, तर तो माणूस वळणाआड जाईपर्यंत त्याच्या पाठीवर नजर राहते. उन्हाळ्याच्या सुटीत किनाऱ्यावरील मुलामुलींकडून मी विज्ञानकथा लिहून घेतो, आणि त्यांच्या वह्या वाचताना माझे असे मत बनले आहे, की परग्रहवासी म्हणजे या दोन प्रश्नांना उत्तर देऊ न शकणारा पाहुणा होय. तो कसा दिसतो, हे लेखक ठरवतो. परंतु तो दिसताच कोणाच्या पोटात गोळा येतो आणि का येतो, हे लेखकाच्या नकळत कागदावर उतरलेले असते. ते नकळत उतरणारे जाणीवपूर्वक कसे उतरवावे, हे नव्याने लिहू लागलेल्यांसाठी आणि मुलांकडून लिहून घेणाऱ्या शिक्षकांसाठी पुढे सांगितले आहे.

ग्रहाचे नाव, यान, शस्त्रे यांतील काहीही ठरवण्यापूर्वी वहीचे एक पान आपल्याला लहानपणी घातलेल्या भीतीसाठी राखून ठेवावे. कोकणातल्या माणसाला येथे सामग्री शोधत फिरावे लागत नाही. खाडीच्या डोहातला गिऱ्हा, पिंपळावरचा मुंजा, तिन्हीसांजेला रोजची वाट विसरायला लावणारा चकवा, वेशीबाहेरचा खवीस, हे सगळे घरातच ऐकलेले असतात. त्यांची नावे लिहून झाल्यावर प्रत्येकापुढे एकच प्रश्न मांडावा: हा नेमका कोठे राहतो आणि कोणाला धरतो? गिऱ्हा खोल पाण्याशी बांधलेला आहे, म्हणजे ती जागा खरोखरच धोक्याची आहे आणि भूत हे तिथले सावधगिरीचे पाटीवजा चिन्ह आहे. चकव्याची गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण त्यात बाहेरून कोणीच येत नाही. पायाखालची ओळखीची वाटच अनोळखी होते. खवीस मात्र लोकसमजुतीत परधर्मीयाचे किंवा परमुलखातून आलेल्या माणसाचे भूत मानला जाई. समुद्रावाटे आलेल्या परक्यांविषयीची धास्ती आपल्या पूर्वजांनी कोठे साठवून ठेवली होती, हे या एका शब्दावरून दिसते, आणि ते लिहिताना कोणाचीही गय करू नये, स्वतःच्या आजोळाचीही. याच यादीत देवचारही येतो. तो रात्री काठी आपटत फिरतो, अंगावर शहारा आणतो, आणि तरीही वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो, असे आपण ऐकत आलो. भीतिदायक आणि तरीही राखणदार, अशी जोडणी आपल्या परंपरेत तयार आहे. परग्रहवासी रंगवताना ती विसरू नये.

यानंतरची पायरी वर्णनाची आहे, आणि ती जेटीवर जाऊन करावी. लिलावासाठी ओतलेल्या मासळीतले एक माकूल (कटलफिश) घेऊन ताटलीत ठेवावे, त्याच्याकडे दहा मिनिटे पाहावे आणि त्याचे नाव न घेता त्याचे वर्णन लिहावे. तोंडाभोवती आठ भुजा आणि त्यांच्यात दडवलेल्या दोन लांब सोंडा, डोळ्यात गोल बाहुलीऐवजी वाकडी नागमोडी चीर, ताजे असेल तर कातडीवर अजून सरकणारे तपकिरी ठिपके, आणि आत पाठीशी एक पांढरी हलकी ढाल, जी वाळली की समुद्रफेस म्हणून विकली जाते. या प्राण्याला तीन हृदये असतात आणि त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असल्यामुळे ते निळसर असते. आता हेच वर्णन, नाव न सांगता, कधी समुद्र न पाहिलेल्या वाचकाला द्यावे. त्याला हा राक्षस वाटतो. ज्या मुलीच्या घरी दर आठवड्याला माकुलाचे तिखले होते, तिच्या वर्णनात मात्र ‘किळसवाणे’ हा शब्द एकदाही येत नाही; तिने सोंडांची लांबी बोटांनी मोजलेली असते आणि शाईची पिशवी कोठे आहे, हेही लिहिलेले असते.

एच. जी. वेल्स यांनी १८९८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलेल्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीत मंगळावरचे जीव पृथ्वीवर चाल करून येतात; त्या आक्रमकांच्या तोंडाभोवती चाबकासारख्या सोळा सोंडा आहेत, आठ-आठांच्या दोन झुबक्यांत. इंग्रज वाचकाला ज्या मऊ, ओल्या, हाडे नसलेल्या शरीराची शिसारी येत असे, तेच शरीर वेल्स यांनी आपल्या शत्रूला दिले. आपल्या किनाऱ्यावर तसे शरीर पाटीत येते, त्याचा भाव होतो, आणि त्याने कोणी दचकत नाही. म्हणून सोंडा, लाळ, बुळबुळीत कातडी ही उसनी भीती आपल्या कथेत आणू नये. आपल्या माणसाला खरोखर कशाने दचकायला होते, ते शोधावे. त्याच कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात युरोपीय वसाहतवाल्यांनी तस्मानियातील मूळ रहिवाशांच्या केलेल्या संहाराचा स्पष्ट उल्लेख आहे. लेखकाला ठाऊक होते, की आपल्या समाजाने दुसऱ्यांचे जे केले, तेच कोणी आपले करील, ही धास्ती त्या सोंडांच्या मागे उभी आहे. ‘हे आपण कोणाला केले होते?’ हा प्रश्न आपल्या आक्रमणकथेच्या मसुद्यालाही विचारून पाहावा.

आता जग रचायला घ्यावे. येथे माझा आग्रह असा, की निसर्गाची एकच अट बदलावी आणि तिचे परिणाम घराच्या उंबऱ्यापर्यंत न्यावेत. आपल्याकडे जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ बोटांवर काढतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, असा त्यांचा हिशेब असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउताराची भरती-ओहोटी, असतो, आणि होडी कधी लोटायची, शिंपल्या काढायला कधी जायचे, हे त्यावर ठरते. हे सगळे एका चंद्रावर अवलंबून आहे. समजा, एखाद्या ग्रहाला दोन चंद्र आहेत आणि दोघांच्या फेऱ्यांचा काळ वेगळा आहे. दोघे एका रेषेत आले की पाणी डोंगराच्या पायथ्याशी जाते, काटकोनात असले की जेमतेम हलते, आणि बोटांवरचा कोणताही सोपा हिशेब दोन महिनेही टिकत नाही. अशा किनाऱ्यावर जमिनीची हद्द कायमची आखता येणार नाही. सातबारा नसेल, गडग्यावरून भांडण नसेल, घर सुटे करून उचलता येईल असे असेल. तेथे वाढलेल्या जीवाला कशाची भीती वाटेल? मी मुलांना या प्रश्नावर बराच वेळ थांबवतो, कारण त्याचे उत्तर आले की कथा सापडते. एका मुलीने लिहिले, की त्यांना न हलणाऱ्या वस्तूंची भीती वाटते. पृथ्वीवरून आलेल्या माणसांनी खडकात खांब रोवून झेंडा लावला, तेव्हा पाणी आले, पाणी गेले, तरी खांब तेथेच, आणि त्या गावातली पोरे त्याच्याकडे बघायला धजेनात. आपल्या मनात अभिमान जागवणारी वस्तू त्या गावात भुतासारखी उभी राहिली.

या टप्प्यावर धोका आणि अनोळखीपणा यांची फारकत करून घ्यावी, कारण बहुतेक कच्च्या कथांत त्या दोहोंची गल्लत झालेली असते. काही जेलीफिश डंख करतात, अंगावर वळ उठतात, तेथे भीती रास्त आहे. उलट हिवाळ्याच्या काही रात्री आपल्या किनाऱ्यावर लाट फुटताना निळी उजळते, ओल्या वाळूवर पाऊल टाकले की पावलाभोवती ठिणग्या विझतात. नॉक्टिल्युका नावाचा, जेमतेम एक मिलिमीटरचा किंवा त्याहूनही लहान एकपेशीय जीव पाणी हलले की हा प्रकाश देतो. पहिल्यांदा पाहणारा दोन पावले मागे सरतो, पण पायाला काहीही होत नाही. कथेतील प्रत्येक भयप्रसंगाच्या समासात ‘डंख’ किंवा ‘उजेड’ यांपैकी एक शब्द लिहावा. ज्या कथेत सगळीकडे ‘डंख’ आला असेल, त्या लेखकाने अजून नीट पाहिलेले नाही. सगळीकडे ‘उजेड’ आला असेल, तर तेही खोटे आहे, कारण जगात डंख आहेतच.

माहिती कमी असते तेथे मन काय भरते, याचे मंगळाइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. १८७७ साली इटालियन खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी स्कियापारेल्ली यांनी मंगळावर दुर्बिणीतून दिसलेल्या रेघांना इटालियनमध्ये जो शब्द वापरला, त्याचा अर्थ पन्हळ किंवा चर असाही होतो; इंग्रजीत तो खोदलेला कालवा झाला. पर्सिव्हल लॉवेल यांनी १८९४ पासून अमेरिकेतील फ्लॅगस्टाफच्या वेधशाळेतून त्या कालव्यांवर पाण्यासाठी झगडणारी, मरणाला टेकलेली एक संस्कृती उभी केली. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ या यानाने जवळून छायाचित्रे पाठवली, तेव्हा विवरे दिसली आणि कालवे नव्हते. अंधुक ठिपक्यांत त्या काळाने स्वतःची कालवे खोदण्याची ईर्षा आणि पाणी संपण्याची धास्ती पाहिली होती.

आपल्या सड्यांवरही, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवरही, हे घडते. रत्नागिरी जिल्ह्यातील बारसू, कशेळी, उक्षी येथील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा भलामोठा हत्ती, आज कोकणात न आढळणारा गेंडा, अर्थ न लागणाऱ्या चौकटी, हे पाहून ‘हे परग्रहावरच्यांनी कोरले’ असे म्हणणारे लोक मला वारंवार भेटतात. या म्हणण्याने मला दुःख होते. जांभ्यावर वाकून, दगडाने दगड कोरणारी ती माणसे याच मातीतली होती. त्यांचे मन आपल्याला कळत नाही, हे सहन होत नाही म्हणून त्यांना आकाशात हाकलून देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. कथा लिहिणाऱ्याने येथे उलट दिशेने जावे आणि त्या पूर्वजांनाच अनोळखी माणसे म्हणून, माणूसपण कायम ठेवून लिहून पाहावे.

मसुदा पूर्ण झाल्यावरची परीक्षा सर्वांत अवघड आहे. परग्रहवासी हा शब्द खोडून तेथे आपल्या आसपासचा एखादा माणूस बसतो का, ते पाहावे. एका मुलाने लिहिले होते, की रात्री सड्यावर दिवे हलतात, ते जीव आपसांत न कळणाऱ्या भाषेत बोलतात, शिट्ट्या मारतात, आणि त्यांना घरदार नाही. वाचताना मला ती जागा ओळखीची वाटली. हापूसच्या हंगामात कलमांच्या बागा राखायला नेपाळहून माणसे येतात, बागेतल्याच खोपीत राहतात आणि रात्रभर बॅटरी घेऊन फिरतात. मुलाला मी काही बोललो नाही, कारण लाज वाटलेला मुलगा पुढे खरे लिहीत नाही. मी त्याला फक्त एवढे सांगितले, की त्या दिव्यांपैकी एकाला आपले दोन प्रश्न विचारून ये. तो वडिलांसोबत गेला. खोपीबाहेर तीन दगडांची चूल होती, तिच्यावर भात होता, आणि त्या राखणदाराच्या मोबाइलमध्ये त्याच्या मुलीचा शाळेच्या गणवेशातला फोटो होता. दुसऱ्या मसुद्यात दिवे तसेच हलत राहिले, भाषा तशीच न कळणारी राहिली, रात्रीची धडकी त्याने काढून टाकली नाही. मात्र त्या जीवांपैकी एकाजवळ आता एक चित्र होते, आणि ते तो कोणालाही दाखवत नव्हता. कथा पहिल्यापेक्षा अधिक भीतिदायक झाली, कारण वाचकाला आता दोन्ही बाजूंची भीती वाटू लागली.

आपल्या किनाऱ्याजवळ याला एक जुना दाखलाही आहे. बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांच्या, परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. पुढे त्यांचे वंशज तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शनिवार तेली म्हणवले गेले, आणि मराठी ही त्यांची बोली झाली. समुद्रातून आलेल्या, देव वेगळा असलेल्या, सुटीचा वार वेगळा पाळणाऱ्या या लोकांना गावाने एक नाव दिले, आणि त्या नावात त्यांचा धंदा व त्यांचे वेगळेपण दोन्ही ठेवले. परग्रहवासी आणि गाव यांची भेट लिहिताना लढाई आणि गळाभेट या दोन टोकांच्या मधली ही वाट जरूर चालून पाहावी: गाव त्याला काय नाव देईल?

शेवटच्या सरावासाठी मी मुलांना भूमिका उलटी करायला लावतो. १९७७ साली निघालेल्या दोन्ही व्हॉएजर अंतराळयानांवर, कधी परग्रहवासीयांच्या हाती पडलीच तर त्यांच्यासाठी संदेश म्हणून, सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनितबकडी आहे. तिच्या वेष्टनावर १४ स्पंदक ताऱ्यांच्या संदर्भाने सूर्याची जागा कोरली आहे, म्हणजे ‘तू खंयचो?’ याचे उत्तर तेथे दिलेले आहे. आत ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत मराठीही आहे, आणि गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांनी गायलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवीही आहे, ‘कोणाचो?’ याचे याहून चांगले उत्तर मला सुचत नाही. आता ही तबकडी दोन चंद्रांच्या त्या किनाऱ्यावर भरतीबरोबर येऊन पडली आहे, असे मानावे. तेथल्या कोणाला कान नाहीत, ते फक्त कंप ओळखतात, आणि ही वस्तू पाणी ओसरले तरी जागची हललेली नाही. ती प्रथम पाहणाऱ्या पोराच्या तोंडून, प्रथमपुरुषी एकवचनात, दोन पाने लिहावीत.