काजूचा हंगाम आणि वणव्याची तयारी

तयारी फेब्रुवारीतच उरकायची, पहिला बोंडू, म्हणजे काजूचं फळ, खाली पडायच्या आत. गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोणात ज्यांची काजूची बाग रानाला लागून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं वरून पाणी ओतत होती. आपल्या डोंगरावर ती येतील, या भरवशावर कोणी राहू नये.

आधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा. आगीला जळण, उष्णता आणि ऑक्सिजन तिन्ही लागतात. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. बंद खोलीत तो १५-१६ टक्क्यांवर आला की बहुतेक ज्योती मालवतात, पण उघड्या डोंगरावर तो कमी कोण करणार? उन्हाचंही तेच. राहिलं जळण. म्हणून बागेच्या कडेने तीन-चार मीटरचा पट्टा तांबडी माती दिसेपर्यंत झाडून घ्यायचा. उताराच्या खालच्या अंगाला तो आणखी रुंद हवा, कारण आग चढाने धावते. ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. आणि हा पट्टा पाचोळा पेटवून करायचा नाही. कितीतरी वणवे याच ‘जरा साफसफाई’तून सुटतात.

पाचोळ्यावरच एवढा भर का, ते फेणीच्या भट्टीपाशी बसून नीट बघितलं तर कळतं. ज्योत ओंडक्याला चिकटलेली नसते, मध्ये बारीकशी फट दिसते. लाकूड २५०-३०० अंशांवर तापलं की त्यातून वायू निघतात, ते ऑक्सिजनमध्ये मिसळून पेटतात. पिवळा रंग तापलेल्या काजळीचा. ओल्या लाकडातलं पाणी आधी उडावं लागतं, जाड ओंडक्याला तापायला वेळ लागतो. वाळकं पान मात्र क्षणात तापतं. तेव्हा हाताशी माणसं कमी असतील तर ओंडके राहू द्या, पाचोळा उचला. कुळागर, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची पोफळी-माडांची बाग, असेल तर पाट वाहता ठेवा. ओल्या जमिनीवर आग सहसा मंदावते.

मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, छपरावरची चुडतं (माडाच्या वाळक्या झावळ्या) खाली काढा. बियांची पोती आणि फेणीचे कॅन आत एकत्र ठेवू नका. काजूच्या टरफलात तेल असतं, ते भडकतं आणि त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो. कोयते, खोरी, खराटे, भिजवायला गोणपाट एका जागी. पंप डिझेलचा बरा, वीज ऐनवेळी जातेच. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे; नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. भिंतीवर ११२ हा आपत्कालीन नंबर आणि जवळच्या वन कार्यालयाचा नंबर मोठ्या अक्षरांत.

धुराची तयारी वेगळी, आणि तिच्याकडे हटकून दुर्लक्ष होतं. एन-९५ मास्क कण अडवतो, वायू नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा सुमारे दोनशे पटींनी घट्ट धरतो. डोकं जड वाटलं, मळमळलं, की तडक उघड्या हवेत या. ओझोनचं गणित आणखी तिरकं आहे. तो ज्वाळेतून निघत नाही. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कार्बनी वाफा यांच्यावर ऊन पडलं की वाऱ्याच्या दिशेला, आगीपासून दूरही तयार होतो. आकाशात उंचावर हाच वायू आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो. नाकात गेला की फुप्फुसं चुरचुरतात. म्हणून दम्याचं मूल किंवा म्हातारं माणूस घरात असेल तर दुपारी, धूर विरळ दिसला तरी, त्यांना बाहेर पाठवू नका. औषधाचा पंप उशाशी असू द्या.

आग विझली म्हणून घरी निघू नका. बुंध्यातल्या निखाऱ्यात वायू संपलेले असतात, ज्योत दिसत नाही, पण कोळसा ऑक्सिजन खात धुमसतच असतो. खोऱ्याने उकरून पाणी घाला, हाताची पालथी बाजू जवळ नेऊन धग लागते का बघा. दुसऱ्या दिवशी दुपारी खारा वारा सुटला की पुन्हा एक फेरी मारा.