सोलापूर ते बदामी: एकटीने, स्कूटरवर, साडेतीन हजारांत

मी होटगी रोडला एका गारमेंट युनिटमध्ये शाळेचे गणवेश शिवते. जूनआधीचे तीन-चार महिने मान वर करायला फुरसत नसते. दिवाळी झाली की काम ओसरतं, आणि दिवाळी ते गड्डा (जानेवारीतली आमची सिद्धेश्वराची यात्रा) या मधल्या दिवसांत मी दरवर्षी चार दिवस काढून स्कूटरवर एकटीच बाहेर पडते. युनिटमधल्या मुली विचारतात, ताई किती खर्च येतो, भीती नाही वाटत का, आम्हाला जमेल का. त्यांच्यासाठी हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

आधी माझी बदामीची पहिली खेप सांगते, कारण सगळं त्यातूनच शिकले. सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. सासूबाई म्हणाल्या, गरम गरम खाऊन जा. मग शेजारच्या काकू भेटायला आल्या, मग गाडीत हवा भरायची राहिली होती. घरातून निघाले तेव्हा दहा वाजले होते. विजयपूरला, म्हणजे आपल्या विजापूरला, गोलघुमट बघेपर्यंत तीन झाले आणि कोल्हारच्या पुढे अंधारात सापडले. उसाचा हंगाम सुरू होता. पुढे ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रेडियम, आणि ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला. त्याच्या मागे वीसच्या वेगाने जीव मुठीत धरून चालले. बदामीत आठ वाजता पोचले. पहिल्या लॉजवर सांगितलं, एकट्या बाईला खोली देत नाही. दुसऱ्याने माझा चेहरा बघितला आणि चौदाशे सांगितले. दिले. खानावळी बंद झाल्या होत्या, म्हणून मोठ्या हॉटेलात २८० रुपये देऊन जेवले. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत साडेपाचशेची स्वच्छ खोली मिळाली.

त्या रात्री वहीत हिशेब लिहिताना लक्षात आलं की पैसा पेट्रोलला जात नाही, उशिराला जातो. पेट्रोल किती लागणार ते घरी बसून काढता येतं. उशिराचा आकडा मात्र समोरचा माणूस ठरवतो, आणि अंधारात एकटी उभी असलेली बाई घासाघीस करत नाही. म्हणून माझा एकच कडक नियम आहे: उजाडताना निघायचं आणि चार, फार तर साडेचारला मुक्कामावर पोचायचं. हिवाळ्यात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. हातात दीड तास उजेड असला की दोन-तीन लॉज बघता येतात, खोलीची कडी आतून नीट लागते का, नळाला पाणी आहे का हे तपासता येतं, आणि पटलं नाही तर उठून जाता येतं.

उशीर टाळायचा तर तयारी आदल्या रात्री नाही, आठ दिवस आधी करायची. स्कूटर मिस्त्रीकडे दाखवा आणि त्याला स्पष्ट सांगा की पाचशे किलोमीटर जाणार आहे. गियरच्या गाडीची चेन डोळ्यांना दिसते, स्कूटरचा बेल्ट आत झाकलेला असतो, म्हणून आपण त्याला विसरतो. माझ्या गाडीचे बावीस हजार किलोमीटर झाले होते. मिस्त्रीने कव्हर उघडून बेल्ट बाहेर काढला, दोन्ही हातांनी उलटा वाकवून माझ्यासमोर धरला. दातांच्या मुळाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या. "वहिनी, हा गावात अजून चार महिने चालेल. रस्त्यात तुटला तर गाडी ढकलत न्यावी लागेल. बदलूनच जा." बदलला. जुना फेकला नाही, डिकीत ठेवला, अडीअडचणीला असू द्यावा म्हणून. ब्रेकचे लायनर, ऑइल आणि मागच्या टायरची नक्षी हेही तेव्हाच बघून घ्या. हवा गाडीच्या पुस्तकात लिहिली आहे तितकीच भरा. माझ्या गाडीला पुढे २२ आणि एकटी असेन तर मागे २९. टायर ट्यूबलेस असेल तर पंक्चरचं किट घ्या आणि मिस्त्रीसमोर एकदा स्वतःच्या हाताने पट्टी भरून बघा. हे काम बघून येत नाही, केल्यावरच येतं.

कागद: लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. मोबाइलमध्ये डिजिलॉकरवर चालतात, तरी मी झेरॉक्सही ठेवते. आधार कार्डाच्या तीन झेरॉक्स वेगळ्या, प्रत्येक लॉजवर एक लागते. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांवर दुचाकीला टोल नाही, डाव्या कडेच्या अरुंद वाटेने निघून जायचं.

सामान एकच पिशवी, पायापाशी मावेल एवढी. त्यात दोन ड्रेस, स्वेटर, पॅड, गोळ्या, पॉवरबँक, दोरी आणि एक जुनी सोलापुरी चादर, धुऊन धुऊन मऊ पडलेली. स्वस्त लॉजमधलं पांघरूण कसं असेल सांगता येत नाही; आपली चादर असली की झोप लागते. ओढणी घालत असाल तर तिची दोन्ही टोकं जॅकेटच्या आत खोचा आणि चेन वर ओढा. हे मी हात जोडून सांगते, चाकात ओढणी गेलेली मी बघितली आहे. हेल्मेट चांगल्या प्रतीचं घ्या, इथे पैसे वाचवू नका.

खाण्याचा खर्च सोलापूरकरणीला तसा थोडाच. कडक भाकरी चार दिवस काय, त्याहून जास्त टिकते. मी आठ भाकऱ्या सुती फडक्यात बांधते आणि शेंगाचटणीचा एक डबा घेते. दुपारचं जेवण त्यावर. कोल्हारला मातीच्या गाडग्यातलं दही मिळतं, इतकं घट्ट की गाडगं तिरकं केलं तरी हलत नाही. भाकरी मोडून दह्यात भिजत घालायची, वर चटणी. कृष्णेच्या लांबलचक पुलाजवळ सावली बघून मी हेच जेवते. रात्री मात्र गरम जेवावं. विजयपूर-बागलकोट भागातल्या खानावळी आपल्याच चवीच्या: ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी.

पैसे मी पाकिटात घालते, चार दिवसांची चार पाकिटं. प्रत्येकावर वार लिहायचा, आत दहा-वीस-पन्नासच्या नोटा. मोबाइलवरून पैसे सगळीकडे घेतात, पण रेंज नसली की अडायला होतं, आणि मोबाइलवरून किती गेले ते हाताला कळत नाही. त्या दिवसाचं उरलं तर पुढच्या पाकिटात. पाचवं पाकीट हौसेचं. सहाव्यात हजार रुपये अडचणीचे, ते आतल्या खिशात शिवलेले. अजूनपर्यंत ती शिवण मी एकदाच उसवली आहे.

आता वाट. विजापूर रोडने मंद्रूप, टाकळी, मग भीमेचा पूल. पुलापलीकडे धूळखेड म्हणजे कर्नाटक. पहिला चहा झळकीला. विजयपूर शंभर किलोमीटर, साडेसहाला निघालात तर साडेनऊपर्यंत पोचता. गोलघुमट शाळांच्या सहली येण्याआधी बघावा. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ च्या सुमाराची. कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या अरुंद पायऱ्यांनी वर गेलं की घुमटाच्या आतून फिरणारा सज्जा लागतो. गर्दी नसेल तर भिंतीला तोंड लावून हळू बोला, समोरच्या टोकाला उभ्या माणसाला ऐकू जातं. मी एकटी होते, तर मुलीचं नाव घेतलं. ते फिरून माझ्याकडे परत आलं, एकदा नाही, अनेकदा. साडेअकराला मात्र तिथून हलायचंच. पुढे कोल्हार, बागलकोट, बदामी अशी सव्वाशे किलोमीटर आहेत.

तिकडच्या आडरस्त्यांवर पाट्या बऱ्याचदा फक्त कन्नडमध्ये असतात. मी गावांची नावं ओळीने कागदावर लिहून हँडलजवळ चिकटवते आणि माणसांना विचारत जाते. "बदामिगे दारी याव्दु री?" शेवटचा तो "री" विसरू नका, आपल्या "काय हो"मधल्या "हो"सारखा मानाचा आहे. तो ऐकला की माणूस थांबतो. एष्टु म्हणजे किती, नीरु म्हणजे पाणी, ऊटा म्हणजे जेवण. एवढ्यावर चार दिवस निघतात. वाट विचारायची ती शक्यतो बायकांना किंवा दुकानदाराला. स्वच्छतागृह पेट्रोल पंपावर असतं. मी टाकी अर्धी झाली की पंपावर वळते, म्हणजे दोन्ही कामं होतात. सव्वापाच लिटरची टाकी आहे, काटा खाली जाण्याची वाट बघायची नाही.

घरच्यांना काय सांगायचं? मी मुलीला लाइव्ह लोकेशन देते आणि तीन ठरलेले फोन करते: निघताना, दुपारी, खोलीत शिरल्यावर. लॉजवाल्यासमोर मुद्दाम मोठ्याने तिला लॉजचं नाव आणि खोली नंबर सांगते. ११२ आणि महामार्गाचा १०३३ हे नंबर कागदावरही असू द्या. लॉजला दोन दिवस आधी फोन करून स्पष्ट विचारायचं, "एकटी बाई आहे, खोली द्याल ना?" नाही म्हणाले तर फोनवरच कळतं. दारात उभं राहून ऐकायला लागलं तर फार लागतं, मला अजून आठवतं.

बदामीला दोन रात्री ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गुंफा, हातात खाऊ न घेता, माकडं पिशवी हिसकतात. पहिल्या गुंफेतला अठरा हातांचा नटराज सगळे बघतात. मी तिसऱ्या गुंफेत जास्त वेळ काढते. तिच्यात इ. स. ५७८ चा लेख आहे. खांबांच्या वर जोडपी कोरली आहेत. त्यांच्या अंगावरची वस्त्रं, कमरेच्या गाठी बघत राहते, माझा धंदाच तो. दुपारी पाच किलोमीटरवर बनशंकरी. देवळाबाहेर बायका बुट्टीतून भाकरी, चटणी, उसळ, दही घेऊन बसतात, पन्नास-साठ रुपयांत पोट भरतं. पौष पौर्णिमेला तिथे मोठी जत्रा असते. जत्रा बघायची नसेल तर ते दिवस टाळा.

मग मी गुळेदगुड्डला गेले. आपल्याकडे ओटीत जो खण घालतात त्याचं हे गाव. गल्लीत शिरलं की घराघरातून मागाचा आवाज येतो. आमच्या सोलापूरच्या पॉवरलूमचा आवाज एकसारखा, कान बधिर करणारा. हा थांबून थांबून येणारा, माणसाच्या हातापायाचा. एका घरी दारातून विचारलं, आजींनी आत बोलावलं. माग जमिनीतल्या खड्ड्यावर, त्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या. धोटा गेला की फणी ओढायची, मधेच थांबून एक तुटलेला धागा थुंकी लावून जोडला. मी वीस वर्षं कापड कापते आहे, पण कापडाचा एक इंच भरायला किती वेळ लागतो ते तिथे पहिल्यांदा बसून बघितलं. हौसेचं पाकीट तिथेच रिकामं केलं: दोन खण, एक मुलीला, एक सासूबाईंना.

तिसरा दिवस सकाळी पट्टदकल, मग ऐहोळे. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवी या राणीने बांधवून घेतलं, हे मी प्रत्येक मुलीला सांगते. ऐहोळ्यात दुर्ग मंदिर बघून लोक परत फिरतात. टेकडीवर मेगुतीच्या देवळापर्यंत चढा. तिथे इ. स. ६३४ चा रविकीर्ती या कवीचा लेख आहे, त्यात चालुक्य राजा पुलकेशीच्या राज्यातली तीन महाराष्ट्रकं आणि त्यांतली ९९ हजार गावं येतात. आपल्या मुलखाचं नाव इतक्या लांब दगडावर असेल असं मला वाटलं नव्हतं. दीडपर्यंत निघा. अमीनगडला करदंट, म्हणजे डिंक आणि सुक्या मेव्याची मिठाई, मिळतो, पाव किलो घरासाठी. हुनगुंदवरून चारला कूडलसंगम.

इथला मुक्काम माझा सगळ्यात आवडता. कृष्णा आणि मलप्रभेचा संगम, बसवण्णांचं, म्हणजे महात्मा बसवेश्वरांचं, ऐक्यस्थान (समाधी). धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून भोवती विहिरीसारखं गोल बांधकाम केलं आहे, आत पायऱ्या उतरून जायचं. आमच्या सोलापूरचे संत सिद्धरामेश्वर बसवण्णांच्याच काळातले, म्हणून सोलापूर म्हटलं की तिथली माणसं आपुलकीने बोलतात. यात्री निवासात तीनशेत खोली मिळाली, रात्री दासोहात, म्हणजे तिथल्या अन्नछत्रात, पंगतीला बसले.

माझा मागच्या खेपेचा हिशेब असा: साधारण ५३० किलोमीटर, लिटरला ४५ धरून पेट्रोल १२५०. खोल्या ११०० आणि ३००. जेवणखाण, चहा ६००. तिकिटं पट्टदकलला ४० आणि गोलघुमट, बदामी, ऐहोळे प्रत्येकी २५, म्हणजे ११५. पार्किंग आणि हवा १००. एकूण ३४६५. खण आणि करदंट वेगळे.

चौथ्या दिवशी सातला निघा. बसवन बागेवाडीला चहा, विजयपूरला खानावळीत जेवण, आणि तिथून एकच्या आत बाहेर. परतीला घर जवळ दिसतं म्हणून हात सुटतो, वेग वाढतो. पन्नासच ठेवा, आणि झळकीला उतरून तोंड धुवा. टाकळीचा पूल ओलांडला की मी मुलीला फोन करते. ती विचारते, "आई, भाकऱ्या उरल्या का?" मागच्या वेळी दोन उरल्या होत्या, रात्री तिने आमटीत कुस्करून खाल्ल्या.