झॅबिक्समधून जुनं डिव्हाइस काढताना

रॅकमधून उतरवलेला स्विच झॅबिक्समध्ये (नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) होस्ट म्हणून, म्हणजे नजर ठेवायचं डिव्हाइस म्हणून, तसाच राहिला, तर त्याचे लाल अलर्ट साचतात आणि खरा बिघाड त्या गर्दीत नजरेतून सुटतो. तो काढायलाच हवा, पण थेट डिलीट नको, कारण डिलीट केलेला होस्ट परत आणायची सोय नाही.

‘डेटा कलेक्शन’मधल्या ‘होस्ट्स’मध्ये (६.४ च्या आधी हा मेनू ‘कॉन्फिगरेशन’ नावाने होता) होस्ट डिसेबल करा. डेटा घेणं थांबतं, जुना इतिहास शाबूत राहतो. एक-दोन आठवडे कोणी विचारतंय का ते पाहा. होस्ट यॅमल फाइलमध्ये (सेटिंग साठवायची साधी टेक्स्ट फाइल) एक्स्पोर्टही करून ठेवा. त्यात आयटम (मोजली जाणारी एकेक गोष्ट), ट्रिगर (अलर्ट कधी द्यायचा याचे नियम), मॅक्रो (सेटिंगमध्ये वापरायची बदलती मूल्यं) येतात, मोजमापांचा इतिहास मात्र येत नाही.

आता तो परत येण्याची वाट बंद करा. डिव्हाइस नेटवर्कवर अजून उत्तर देत असेल आणि डिस्कव्हरी अ‍ॅक्शन (नेटवर्क धुंडाळून सापडलेल्या डिव्हाइसवर आपोआप होणारी कृती) होस्ट जोडत असेल, तर पुढच्या फेरीत तो नव्याने उभा राहतो. आयपी रेंजमधून एकच पत्ता वगळायची सोय नाही, म्हणून रेंज तोडावी लागते. शेवटी ५० असलेला पत्ता नको असेल तर १९२.१६८.१०.१-४९, १९२.१६८.१०.५१-२५४ असं लिहा. काढायचं डिव्हाइस सर्व्हर असेल आणि ऑटोरजिस्ट्रेशन (डिव्हाइसने स्वतःहून होस्ट म्हणून नोंद करणं) चालू असेल, तर त्यावरचा एजंट, म्हणजे झॅबिक्सला माहिती पाठवणारा प्रोग्राम, आधी काढा.

सगळ्यात जास्त गोंधळ अवलंबून असलेल्या गोष्टींमुळे होतो. दोन होस्टवर बेतलेला ट्रिगर एक होस्ट गेला की पूर्ण पुसला जातो. दुसऱ्या होस्टवरच्या कॅल्क्युलेटेड आयटमला (इतर आयटमवरून हिशोबाने काढलेला आयटम) या होस्टचा डेटा लागत असेल तर तो आयटम बंद पडतो. एखाद्या मेंटेनन्समध्ये (देखभालीसाठी ठरवलेला काळ) हा एकटाच होस्ट असेल तर डिलीट नाकारलं जातं. आधी तो मेंटेनन्स बदला किंवा काढा. अ‍ॅक्शनच्या अटीत हा होस्ट असेल तर ती अट पुसली जाते आणि अ‍ॅक्शन डिसेबल होते. ती घाईने पुन्हा एनेबल करू नका: तीच एकमेव अट असेल तर आता अ‍ॅक्शन सगळ्याच ट्रिगरना लागू होईल.

एवढं तपासलं की डिलीट करा.

होस्ट यादीतून लगेच जातो, इतिहास मात्र हाउसकीपर (जुना डेटा पुसणारी झॅबिक्सची प्रक्रिया) मागाहून साफ करतो. मूळ सेटिंगनुसार तो दर तासाला चालतो आणि एका कामात जास्तीत जास्त ५,००० ओळी काढतो. दर मिनिटाला मोजलेल्या आणि ९० दिवस ठेवलेल्या एका आयटमच्या १,२९,६०० ओळी होतात, म्हणजे त्या साफ व्हायला साधारण २६ तास. इतिहासाची हाउसकीपिंग बंद असेल तर त्या ओळी तशाच पडून राहतात.

एसक्यूएलने (डेटाबेसला थेट हुकूम देऊन) होस्ट टेबलातली ओळ उडवू नका. इतिहासाच्या टेबलांना फॉरेन की (एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी बांधणारा दुवा) नाही, त्यामुळे तो डेटा बेवारस उरतो. साफसफाईनंतरही डिस्क लगेच मोकळी दिसत नाही: इनोडीबी (मायएसक्यूएलचं साठवण इंजिन) आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस, दोन्ही ती जागा नव्या ओळींसाठी राखून ठेवतात.